चारशे किलोमीटर जास्त

माझी मुलगी विमान चालवते असं मी अकरा वर्षं सांगत आलो, आणि ते खोटं होतं.

खोटं बोलायचं असं ठरवून काही बोललो नव्हतो. कासाब्लांकात आमच्या दर्ब सुलतान मोहल्ल्याच्या नाक्यावर कॅफे आहे, तिथे बसलो होतो. गिझलानला विमान कंपनीत नोकरी लागून तीन-चार दिवस झाले असतील. मी बुश्ता, तिथे मला आदरानं 'सी बुश्ता' म्हणतात. कोणीतरी विचारलं, "सी बुश्ता, पोरगी विमानात नेमकं काय करते?" मला नीट माहीत नव्हतं. म्हणालो, "विमानं तिच्या हातात असतात." त्यावर पलीकडच्या टेबलावरून तिजानी न्हावी ओरडला, "म्हणजे पायलट!" सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि पुदिन्याच्या चहाचा घोट घेतला. तो एक घोट मला अकरा वर्षं पुरला.

मी स्वतः ड्रायव्हर. एकतीस वर्षं कासाब्लांका ते वारझाझात बस चालवली, तिश्काच्या घाटातून. माझ्या लेखी गाडी चालवतो तो खरा, बाकीचे कागद काळे करणारे. गिझलान डिस्पॅचर आहे. विमानतळाजवळच्या एका खोलीत बसते. विमान कुठल्या वाटेनं जाणार, किती उंचीवरून, पोटात किती इंधन घेणार, वाटेत काही बिघडलं तर कुठे उतरणार, हे सगळं ती ठरवते. मग त्या कागदावर कॅप्टन आणि ती, दोघांच्या सह्या होतात. हे तिनं मला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात समजावलं होतं. मी मान डोलावली होती. मनात म्हणत होतो, बसायचंच होतं खुर्चीत, तर त्या पुढच्या खुर्चीत तरी बसायचं.

चार वर्षांपूर्वी एके दिवशी शेजारच्या लल्ला हनियानं तिला जिन्यात गाठलं. "अगं, गच्चीवरून तुझं विमान कुठलं ते कसं ओळखायचं? निदान पंख तरी हलवत जा!" गिझलान वर आली ती तोंड पाडूनच. पर्स खाली न ठेवताच तिनं विचारलं, "बाबा, मी काय करते ते सांगायची तुम्हाला लाज वाटते का?"

"लाज कसली? लोकांना समजत नाही गं."

"आणि तुम्हाला समजतं?"

माझी बायको रकिया स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत राहिली, तिचं ते बघणं गिझलानच्या प्रश्नाहून वाईट होतं. त्या दिवसापासून गिझलाननं घरात कामाची गोष्ट काढणं बंद केलं. कॅफेत मात्र ती वैमानिकच राहिली. तिजानी तर गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता सांगायचा, "आमच्या गल्लीत पायलट आहे, बाई पायलट!"

जानेवारीत मॉन्ट्रियलहून आमच्या मुलाचा, नौफलचा फोन आला. मुलगी झाली. सातव्या दिवशी नाव ठेवायचं, म्हणजे शुक्रवारी. "बाबा, तिच्या कानात अजान तुम्हीच द्यायची. तोवर मी दुसऱ्या कोणाला देऊ देणार नाही." व्हिसा आधीच काढून ठेवला होता. गुरुवारची तिकिटं मिळाली. मी आयुष्यात विमानात पाऊल ठेवलं नव्हतं. रकियानं तीन दिवस खपून सुनेसाठी स्लू केला. भाजलेलं पीठ, बदाम, तीळ, मध, बाळंतिणीच्या अंगात ताकद यायला. डबा एवढा की आमचे कपडे कमी न्यावे लागले.

गंमत म्हणजे त्याच विमानाचं तिकीट तिजानीकडेही होतं. त्याची थोरली तिकडेच असते, हा त्याचा तिसरा प्रवास. त्यामुळे चार दिवस आमचं शिक्षण चाललं होतं. मोबाइल नाचवत सांगायचा, "हे बघ, पाच हजार पाचशे साठ किलोमीटर. साडेसात तास. वाटेत पोर्तुगीजांची बेटं लागतात, ती डाव्या हाताला राहतात. मी तुला दाखवीन. पण तुला काय सांगायचं म्हणा, पायलटच्या बापाला!"

गुरुवारी गिझलान पहाटेच कामावर गेली होती. नऊच्या सुमारास तिचा फोन आला.

"बाबा, आजचं तुमचं विमान माझ्याकडे आहे. मी मागून घेतलंय."

"बरं."

"नीट ऐका. सरळ वाटेवर आज वारा तोंडावर आहे, ताशी पावणेदोनशे किलोमीटरचा. आणि मॉन्ट्रियलला दुपारी तीननंतर गोठणारा पाऊस सांगितलाय. पडल्या पडल्या बर्फ होतो, धावपट्टीवर काच पसरल्यासारखी. सरळ गेलात तर सव्वाआठ तास लागतील आणि नेमके त्यात सापडाल. म्हणून मी तुम्हाला दक्षिणेकडून नेतेय. बेटांच्या खालून. चारशे किलोमीटर जास्त पडतील, पण सात तास चव्वेचाळीस मिनिटांत उतराल."

"लांबून जाऊन लवकर?"

"हो."

"कॅप्टनला पटलं का?"

"पंधरा मिनिटं वाद घातला त्यांनी, केस पिकलेला माणूस. मग सही केली." जरा थांबून म्हणाली, "समोरच्या पडद्यावर नकाशा दिसेल. विमान खाली खाली चाललंय असं वाटेल. घाबरू नका. ती मी आहे."

फोन ठेवल्यावर मला आनंद झाला म्हणावं, तर तसं नाही. केस पिकलेला कॅप्टन एक सांगतो आणि खोलीत बसलेली माझी पोरगी दुसरं सांगते. चुकली तर? तीनशे माणसं आत आणि त्यात तिचे आई-बाप.

दुपारी एकला विमान उडालं. खिडकीशी रकिया, मध्ये मी, कडेला तिजानी. विमान जमिनीवरून सुटलं तेव्हा माझा डावा पाय आपोआप खाली दाबला गेला, क्लच शोधत. तिजानीनं ते पाहिलं आणि बेटा पोट धरून हसला. जेवण आलं. रकियानं विमानातली कोंबडी बाजूला सारून घरून आणलेला म्समन, आमची घड्यांची पोळी, काढला, तिघांनी खाल्ला. सगळं छान चाललं होतं.

तीन तासांनी तिजानी पडद्यावर वाकला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"हे काय?"

"काय झालं?"

"बेटं उजव्या हाताला आहेत. बुश्ता, दोनदा गेलोय मी इथून. बेटं डाव्या हाताला असतात! हा माणूस आपल्याला कुठे नेतोय, ब्राझीलला?"

पुढच्या रांगेतला एक तरुण मागे वळला. गळ्याला मफलर, इंजिनियर असावा. म्हणाला, "मीही मघापासून तेच बघतोय. वाट वाकडी केलीय. निदान चारशे-पाचशे किलोमीटरचा फेरा."

झालं. वाळल्या गवतावर ठिणगी पडावी तसं ते पसरलं. पलीकडची एक बाई म्हणाली, तिला पुढे क्विबेकची बस गाठायचीय. मागून कोणी विचारलं, बिघाड झालाय का, खरं सांगा. हवाई सेविका आली, शांतपणे म्हणाली, "वाऱ्यामुळे ही वाट निवडली आहे. काळजीचं काही नाही."

"वारा?" तिजानी उसळला. "विमानाला वारा? सायकल आहे का ही?" लोक हसले. मग त्यानं माझ्या मांडीवर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "यांची पोरगी पायलट आहे, माहितीये? ती पुढे असती ना, तर तिनं सुतासारखं सरळ नेलं असतं. सी बुश्ता, आज नेमकी कुठे आहे रे ती?"

रकियानं जपमाळ थांबवली. माझ्याकडे पाहिलं नाही, खिडकीबाहेर पाहत राहिली.

मला त्या वेळी काय आठवलं सांगतो. एका फेब्रुवारीत बस मराकेशला पोहोचली तेव्हा डोंगराकडचं आभाळ शिशासारखं झालं होतं. घाटाचा अडसर अजून पडला नव्हता, बाकीच्या बसगाड्या वर चढत होत्या. मी बस अगादीरच्या बाजूला वळवली, खालून, मैदानातून. वारझाझातला जायला जवळजवळ तिप्पट वाट. उतारूंनी मला काय काय नावं ठेवली! एक म्हातारा तर चालत्या गाडीत माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ड्रायव्हर, तुला रस्ता माहीत नसेल तर तसं सांग. मी पोहोचलो दुसऱ्या दिवशी दुपारी. वर चढलेल्या गाड्या बर्फातून सुटून आल्या त्या आणखी दोन दिवसांनी. मला कोणी शाबास म्हणालं नाही, पण त्या दिवशी वारझाझातच्या अड्ड्यावर मी छाती काढून उभा होतो.

मी ते एकदा केलं, समोर डोंगर दिसत होता म्हणून. ही पोरगी ते रोज करते, कोणालाच न दिसणाऱ्या डोंगरासाठी. केस पिकलेल्या माणसाशी पंधरा मिनिटं भांडली. आणि मला अकरा वर्षांत कॅफेत 'नाही' एवढा एक शब्द म्हणता आला नव्हता.

"तिजानी," मी म्हणालो, "माझी पोरगी विमान चालवत नाही."

"काय?"

"कधीच चालवलं नाही. ती डिस्पॅचर आहे. तू पायलट म्हणालास, मी गप्प बसलो. चूक माझी. विमानानं कुठून जायचं ते ती ठरवते. ही वाट तिनं काढलीय. आज सकाळी. आपल्यासाठी."

तिजानी माझ्याकडे बघत राहिला. गिऱ्हाइकाच्या गालाला वस्तरा लागल्यावर होतो तसा त्याचा चेहरा झाला होता. मग त्याला कंठ फुटला, आणि तोही असा की दहा रांगा वळल्या. "म्हणजे आपल्याला समुद्रात भटकवतेय ती तुझीच पोरगी!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तो मफलरवाला, ती बसवाली बाई, मागचे. उठायला जागा नव्हती तरी मी अर्धा उठलो.

"हो. माझीच. गिझलान तिचं नाव. सरळ वाटेवर वारा तोंडावर आहे आणि तिकडे वादळ येतंय. आपण लांबून जातोय म्हणून लवकर पोहोचणार."

मफलरवाला म्हणाला, "आणि नाही पोहोचलो तर, आजोबा?"

"तर इथे येऊन मला बोला. सत्ताविसाव्या रांगेत, मधली खुर्ची. मी कुठे पळून जातोय?"

कोणीतरी हसलं, पण चांगलं हसलं. मी खाली बसलो. रकियानं पायाशी ठेवलेल्या डब्याचं झाकण उघडलं, सुनेसाठी राखलेल्या स्लूमधला चमचाभर माझ्या तळहातावर ठेवला. "खा. अकरा वर्षांनी तोंड उघडलंस, रंग उडालाय."

बोलणं सोपं होतं. पुढचे साडेचार तास अवघड गेले. पडद्यावरचं ते इवलंसं विमान मुंगीच्या चालीनं सरकत होतं. अजून दोन हजार किलोमीटर. अजून पंधराशे. तिजानी दर दहा मिनिटांनी मोबाइलवरच्या घड्याळाशी ताडून बघायचा आणि 'हं' एवढंच म्हणायचा. त्या 'हं'मध्ये काय आहे ते कळेना. मग नकाशावरची रेघ उत्तरेकडे वळली. मफलरवाला मागे वळून म्हणाला, "वेग बघितलात का आजोबा? मघापासून एकदाही पडलेला नाही." मी वेग बघत नव्हतो. अल्लाचं नाव घेत होतो.

उतरायला अर्धा तास असताना कॅप्टनचा आवाज आला. म्हणाला, मॉन्ट्रियलला गोठणारा पाऊस तासाभरात सुरू होईल. आपण त्याच्या आधी उतरतोय. आज सरळ वाटेनं आलो असतो तर बहुधा दुसऱ्या शहरात उतरून थांबावं लागलं असतं. वाट थोडी लांबची होती, धीर धरल्याबद्दल आभार.

मग तिजानी उठला. पट्टे बांधायची खूण पेटली होती, सेविका 'बसा, बसा' म्हणत होती, तरी उभा राहिला आणि साऱ्या विमानाला ऐकवलं, "ऐकलंत ना? ही वाट आमच्या गल्लीतल्या पोरीची आहे! दर्ब सुलतानची! मी तिला एवढीशी असल्यापासून ओळखतो!"

मी त्याची बाही ओढली. "अरे, मघाशी तर ब्राझील म्हणत होतास."

"मघाशी मला कोणी नीट सांगितलं होतं का?"

चाकं टेकली तेव्हा टाळ्या पडल्या. आमच्याकडे पडतातच, पण त्या दिवशी कितीतरी माथी सत्ताविसाव्या रांगेकडे वळली होती. ती बसवाली बाई जाता जाता रकियाचा हात दाबून गेली. दाराशी कॅप्टन उभा होता, उंच, मिशा पांढऱ्या. मी थांबलो.

"मी गिझलानचा बाप."

त्यानं टोपी काढली. "तुम्ही? पोरीनं सकाळी मला पंधरा मिनिटं सोडलं नाही. मी म्हणत होतो सरळ जाऊ, जास्तीचं इंधन घेऊ. ती म्हणाली, कॅप्टन, इंधनानं वादळ थांबत नाही."

"मग?"

"मग काय, बावीस वर्षं उडतोय मी. कोणाचं ऐकायचं ते कळतं." आणि हळूच विचारलं, "घरी पण अशीच आहे का?"

"आईवर गेलीय," मी म्हणालो. रकियानं मला कोपर मारलं.

आत भल्यामोठ्या फलकावर आमच्या मागून येणाऱ्या विमानांची नावं होती. बघता बघता एकेकापुढचा मजकूर बदलत होता: दुसरीकडे वळवलं, रद्द, दुसरीकडे वळवलं. काचेबाहेर पहिले थेंब पडले आणि पडल्या जागी गोठले. मफलरवाला माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, बराच वेळ फलक वाचत होता. मग म्हणाला, "आजोबा, बोलायला आलो नाही. हात मिळवायला आलोय."

सामान घेऊन कस्टममधून सुटल्यावर मी गिझलानला फोन लावला. तिकडे रात्र पडली होती. तिची पाळी कधीच संपलेली, पण ती जागेवरच होती. मागून कोणाचा तरी आवाज येत होता, "जा आता घरी, उतरलं तुझं विमान."

"सात तास एक्केचाळीस मिनिटं," मी म्हणालो.

"माहितीये. तीन मिनिटं चुकले." खरंच वैतागली होती. "शेवटी वारा मी धरला त्याहून कमी निघाला."

"गिझलान, मी विमानात सांगितलं. तिजानीला, सगळ्यांना. तू पायलट नाहीस ते."

ती खुर्ची सरकवून उठल्याचा आवाज आला.

"कधी? उतरल्यावर?"

"नाही. बेटं उजव्या हाताला होती आणि सगळे बोंबलत होते तेव्हा."

मी दोनदा 'हॅलो' म्हणालो. मग नाक ओढल्याचा आवाज आला. "बाबा, आई कशी आहे?" हा काही त्या बोलण्याचा धागा नव्हता, पण मी सांगितलं, आई मजेत आहे, स्लूचा डबा कस्टमवाल्यानं उघडायला लावला आणि तिनं त्यालाच चमचाभर खाऊ घातला. गिझलान हसली. रडता रडता हसल्यावर होतो तसा आवाज होता.

शुक्रवारी बाहेर सगळं शहर काचेचं झालं होतं, झाडं, तारा, मोटारी. विमानतळ दुपारपर्यंत बंद होता. आत उबेत मी नातीच्या कानात अजान दिली. नाव ठेवलं तुरिया. तिजानीही बर्फावरून घसरत घसरत आला, जेवला, आणि जमलेल्या प्रत्येकाला आमच्या वाटेची गोष्ट सांगितली. प्रत्येक वेळी फेरा शंभर किलोमीटरनं वाढत गेला.

एप्रिलमध्ये परतलो. कंपनीत वर्षातून एकदा घरच्यांना कामाची जागा दाखवतात. त्या दिवशी मी कोट घालून गेलो. आत रांगेनं पडदे, त्यांवर रंगीत रेघा, आणि माणसं हळू आवाजात बोलत होती. गिझलानचा साहेब उठून पुढे आला, माझ्यासाठी खुर्ची ओढली. ती स्वतः मात्र वळली नाही. जेद्दाला जाणाऱ्या विमानाचं काम चाललं होतं, कानाला फोन, बोट पडद्यावर. पाठीमागे मी आहे हे तिला कळलं असावं. डावा हात वर करून तिनं मला थांबायची खूण केली.

साहेब म्हणाले, "बसा ना, सी बुश्ता. तिला वेळ लागेल."

"नको," मी म्हणालो, "मी उभाच बरा." आणि तिच्या खुर्चीमागे उभा राहिलो, तिचं काम संपेपर्यंत.